माझ्यानंतर, त्यांच्या आधी

१

दुपारची भांडी उपडी घालून झाली की मी अण्णांना पडवीत आणायचे. चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून उतरताना धक्का बसायचा, तेव्हा अण्णा डाव्या हाताने चौकट धरायचे आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचे. डावी. उजवी उडत नव्हती. आदल्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांना झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. समजायचं सगळं. तोंडातून मात्र 'हं' एवढंच यायचं. चहा हवा, पंखा बंद कर, सुजय आला का, सगळं त्या एका 'हं'मध्ये असायचं आणि मला ते कळायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, इंजिनरूममध्ये. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. भाट्याला, समुद्राजवळच्या घरात आम्ही तिघंच. माझा नवरा सुजय पुलापलीकडे मारुती मंदिराला स्पेअर पार्टच्या दुकानात असतो, तो दिवेलागणीला परत येतो. मी घरीच ब्लाउज शिवते. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि अण्णा.

व्यायाम करून घ्यायला दीपाली यायची. चटपटीत मुलगी. एकदा ती म्हणाली, "वहिनी, नुसता बॉल दाबून कंटाळतात ते. पत्ते खेळा ना त्यांच्याशी. पान उचलायचं, धरायचं, ठेवायचं. हाताला बरं आणि डोक्यालाही."

मला रमी येत होती. मी पानं वाटायला घेतली, तर अण्णांनी डाव्या हाताने ती बाजूला सारली आणि माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर त्यांचा जहाजावरचा पत्र्याचा डबा होता. त्यात प्लास्टिकची निळ्या पाठीची पानं होती, धुतल्यासारखी स्वच्छ. त्यांनी दोन पानं माझ्यापुढे टाकली, दोन स्वतःपुढे, आणि मधे पाच पालथी लावली. मग माझ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी सुजयला सांगितलं तर तो हसला. "पोकर असेल. जहाजावर सहा-सहा महिने दुसरं करणार काय."

२

पोकर मी मोबाइलवर शिकले. मशीनला मोबाइल टेकवून ठेवायचा आणि हातशिलाई करता करता ऐकायचं. एक मुलगा हिंदीत शिकवायचा, छोटे छोटे धडे. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्याने बघायची. मधली पाच सगळ्यांची. आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं. आपली दोन आणि मधली पाच, यांतून ज्याची पाच पानं भारी होतील त्याचा डाव. एवढंच असतं तर नशिबाचा खेळ झाला असता. पण मधे मधे बोली असते. एकेकाची पाळी येते. पैज लावा, दुसऱ्याची वाढवा, नुसती बरोबरी करा, नाहीतर पत्ते टाका आणि त्या डावातून बाहेर व्हा. हातात काही नसताना मोठी पैज लावून समोरच्याला पळवताही येतं. तो मुलगा परत परत सांगायचा, पानांकडे कमी बघा, पैजेकडे जास्त बघा. माणूस कुठे थांबला, कुणाकडे बघून थांबला.

पैशाच्या जागी मी शिवणाची बटणं घेतली. पांढरी साधी, आणि काळी कोटाची. काळं बटण म्हणजे मोठी पैज. अण्णांना पानं धरता येत नव्हती म्हणून सुजयने लाकडाच्या पट्टीला खाच पाडून दिली, त्यात पानं उभी राहायची. बटणं ते डाव्या हाताने सरकवायचे. मधल्या वेळात मी त्यांच्या उजव्या हाताची बोटं एखाद्या बटणावर नेऊन ठेवायचे. ती तिथे तशीच पडून राहायची, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

सुरुवातीला मी सारखी हरले. मग हळूहळू जमायला लागलं. एकदा मी खोटी पैज लावून त्यांना पळवलं, तेव्हा अण्णा खांदा हलवून हसले. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दुपारची मी वाट बघायला लागले.

अशाच एका दुपारी माझ्याकडे चव्वी आणि सत्ती होती. म्हणजे काहीच नाही. मी एक काळं बटण पुढे सरकवलं. अण्णा बराच वेळ थांबले. मग त्यांनी पट्टीतली पानं काढून पालथी टाकली.

मी खूश. पानं गोळा करताना त्यांची दोन उलटली. दोन्ही राजे. आणि मधे उघड्यावर तिसरा राजा होता.

मला वाटलं, त्यांना नीट दिसलं नसेल. पण दोन दिवसांनी त्यांनी पाचही बदाम जमलेले असताना पत्ते टाकले. मग पुन्हा राजांची जोडी. वाईट पानांवर ते नेहमीसारखे खेळायचे. भारी पानं आली की मात्र दोन-तीन पांढरी बटणं घालवायचे आणि बाहेर व्हायचे.

३

मी पैजेकडे बघायला शिकले होते, त्यामुळे हेही मला दिसलं.

पडवीत वेताचं गोल टेबल आहे. अण्णा घराच्या भिंतीला पाठ करून बसायचे, मी त्यांच्यासमोर स्टुलावर. माझ्या डाव्या हाताला, म्हणजे अण्णांच्या उजवीकडे, प्लास्टिकची एक खुर्ची असायची. सुजय संध्याकाळी तिच्यात बसून बूट काढतो. दुसऱ्या बाजूला कठडा.

पाळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. दोघंच असलो की मी, अण्णा, मी, अण्णा. पण मी पैज लावली की अण्णा लगेच खेळायचे नाहीत. ते मान पूर्ण उजवीकडे वळवायचे, त्या खुर्चीकडे बघायचे, थांबायचे, आणि मग आपलं बटण सरकवायचे. त्यांची पैज झाली की मात्र लगेच माझ्याकडे बघायचे. त्या बाजूला थांबणं नव्हतंच. थांबायचे ते नेहमी माझ्यानंतर आणि त्यांच्या आधी.

आणि वाटणं. पिसून मीच द्यायचे. एक डाव ते वाटायचे, एक मी. माझा वाटून झाला की अण्णा गड्डी ओढून घ्यायचे आणि खुर्चीसमोर ठेवायचे. क्षणभर तिथे राहू द्यायचे. मग आपल्याकडे घ्यायचे. मी इतके दिवस समजत होते की त्यांचा हात दमतो.

मी दीपालीला विचारलं. तिने पटण्यासारखं सांगितलं. "झटक्यानंतर काही जणांना उजव्या बाजूचं दिसतच नाही, वहिनी. अण्णांचं तसंच आहे. मीच त्यांना सांगते, मुद्दाम मान वळवून तिकडे बघत जा म्हणून. चांगलं लक्षण आहे ते."

"पण तिकडे काही नसताना?"

"नसेना. बघायची सवय लागली पाहिजे."

सुजय म्हणाला, "जहाजावर तिघं बसत असतील. हाडात मुरलेली सवय. तू उगाच विचार करतेस."

दोघांचंही पटलं मला. तरी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी ती खुर्ची उचलून न्हाणीघराच्या मागे नेऊन ठेवली, आणि मग अण्णांना बाहेर आणलं.

त्यांनी मोकळ्या जागेकडे बघितलं, काही केलं नाही. मी पानं वाटली. मी पैज लावली. अण्णांनी मान उजवीकडे वळवली आणि थांबले.

रोज ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर बघायचे. त्या दिवशी त्यांची मान वर झाली. वाशाच्या खाली, उभ्या माणसाचं तोंड असतं तिथे. तिथे बघत ते थांबले, आणि त्यांच्या कपाळाला घाम आलेला मला दिसला.

तो डाव पुरा न करता मी उठले आणि खुर्ची आणून जागेवर ठेवली. अण्णांची मान खाली आली. ते 'हं' म्हणाले. तो 'हं' मला कळला नाही.

४

पुढच्या आठवड्यात बुरोंडीहून गुरुप्रसादकाका आले. अण्णांचे जहाजावरचे दोस्त. आंबोशीची पिशवी माझ्या हातात देऊन ते सरळ पडवीत गेले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. दोघांचेही डोळे भरले होते.

"मेल्या विठ्या," काका म्हणाले, "आराम करतोस होय."

टेबलावर पत्ते बघून ते हरखले. मला म्हणाले, "सूनबाय, तुला येतं? मग वाट की तिघांना." आणि त्या खुर्चीत बसले.

अण्णांच्या तोंडातून आवाज आला. 'हं' नव्हे. घशातून ओढून काढलेला, लांब. डाव्या हाताने त्यांनी टेबल ढकललं, बटणं खाली घरंगळली. मी धावून त्यांचा हात धरला. काका उठले होते. ते खुर्चीकडे बघत आपली मांडी चोळत होते.

"ओली हाय काय ही?" ते म्हणाले.

मी हात लावून बघितलं. कोरडी होती.

काका कठड्यावर जाऊन बसले, तिथून आमचा खेळ बघत राहिले. अण्णा शांत झाले. मी पानं वाटली, पैज लावली, अण्णा थांबले, खेळले. तीन-चार डाव झाले असतील. एका डावात अण्णांनी पुन्हा पत्ते टाकले. काकांनी वाकून ते उलटे केले आणि बघतच राहिले.

जाताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

"विठू असा नव्हता गो," ते म्हणाले. "त्याने पत्ते टाकलेले मी कधी बघितले नाय. हातात काय नसलं तरी शेवटपर्यंत बसायचा."

"डोक्यावर परिणाम झालाय ना."

"नाय. बिघडलेलं डोकं असं खेळत नाय. तो चांगला खेळतोय." चपलेने त्यांनी वाळू उकरली. "बघ, एखाद्याला टेबलावरून उठायचंच नसलं की तो असा खेळतो. मोठं जिंकायचं नाय, मोठं हरायचं नाय. थोडं थोडं घालवायचं आणि डाव लांबवायचा."

"पण उठायचं नाही कशासाठी?"

"आमच्यावेळी उठलं की खाली बॉयलरवर जायला लागायचं," काका म्हणाले आणि हसले. मग त्यांनी पडवीकडे बघितलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र तिकडून लगेच फिरले. चहा घ्यायला ते थांबले नाहीत.

५

नंतरचे काही दिवस मी पत्ते काढले नाहीत. काम आहे म्हणून सांगितलं, आणि लग्नसराई असल्यामुळे ते खोटंही नव्हतं. अण्णा आत पलंगावर असायचे, मी मशीनवर. दुपार झाली की ते पडवीच्या दाराकडे बघायला लागायचे आणि 'हं' म्हणायचे. मग परत. मग न थांबता. जेवण अर्धं टाकायला लागले. दीपाली म्हणाली, हात पुन्हा आखडलाय, खेळ बंद करू नका.

तेव्हा मी ठरवलं की ही भीती आपणच काढायची. लहान मुलाला कपाट उघडून दाखवतात तसं. तिघांचा डाव वाटायचा, शेवटी खुर्चीसमोरची पानं उलटी करून अण्णांना दाखवायची. बघा, नुसती पानं आहेत. कुणी नाही.

त्या दुपारी ऊन चांगलं होतं. समोरच्या वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, धप्प धप्प आवाज येत होता. मी खुर्चीसमोर थोडी बटणं ठेवली. पिसलं, आणि वाटायला लागले. एक खुर्चीला, एक अण्णांना, एक मला.

पहिलं पान खुर्चीसमोर पडलं तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, "अण्णा, बघा तर खरं. मी आहे ना." आणि दुसरं पान टाकलं.

माझी दोन बघितली. दोन्ही राण्या, किल्वरची आणि चौकटची. इतक्या दिवसांत मला अशी जोडी आली नव्हती.

मग मी डावीकडे बघितलं.

पोकर खेळणारे पानं हातात उचलत नाहीत. टेबलावरच ठेवून अंगठ्याने कोपरा किंचित वर करतात, बघतात आणि सोडतात. मोबाइलवरच्या मुलाने हेही शिकवलं होतं. खुर्चीसमोरच्या दोन पानांचा कोपरा वर होत होता. दोन्ही एकदम, सावकाश. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला. मग खाली टेकला.

वारा असणार. समुद्र चार पावलांवर आहे, वाऱ्याला काय तोटा. मी अंगणात बघितलं. दोरीवरचे ब्लाउज सरळ लटकत होते.

माझ्या हातात गड्डी होती आणि पुढे काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून मी तेच केलं. मधली तीन पानं उघडली. त्यात बदामची राणी होती. पहिली पाळी खुर्चीची. पैज न लावता डावात राहून पाळी पुढे देता येते, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "हा पास."

अण्णा थांबले नाहीत. त्यांनी डावा हात बटणांच्या मागे घातला आणि होती नव्हती ती सगळी पुढे लोटली. पांढरी, काळी, सगळी. एक बटण टेबलावरून पडलं, गोल फिरत राहिलं आणि थांबलं.

पाळी माझी होती. आणि अण्णा माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी खेळताना ते खुर्चीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे तीन राण्या होत्या, पत्ते टाकायचं काहीच कारण नव्हतं. माझा हात बटणांकडे गेला.

तेव्हा त्यांचा उजवा हात हलला.

तो मांडीवरून उचलला गेला, टेबलाच्या काठावर आला आणि माझ्या पानांवर येऊन पडला. जड, थंड. बोटं सरळच होती. त्या हाताने माझी दोन पानं ओढत ओढत टेबलाच्या मधे नेली, टाकलेल्या पानांच्या जागी, आणि तिथे सोडली.

"आत," अण्णा म्हणाले.

झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द. स्पष्ट.

मी उठले आणि आत गेले.

६

स्वयंपाकघरात ओट्याला धरून मी उभी होते. पण खरं सांगायचं तर मला आनंदही झाला होता. हात हलला होता. शब्द आला होता. दीपालीला फोन करायला हवा, सुजयला करायला हवा, असं मनात चाललं होतं.

बाहेरून आवाज येत होते. बटणांचा ढीग टेबलावरून सरकवल्याचा. मग काही नाही. मग पान ठेवल्याचा, टप्. थोड्या वेळाने आणखी एक, टप्. अण्णा पुढची पानं उघडतायत, मी मनात म्हटलं.

नंतर बराच वेळ शांत होतं. नारळ पाडणारेही थांबले होते.

मग पत्ते पिसल्याचा आवाज आला. गड्डीचे दोन भाग करून, दोन्ही अंगठ्यांनी पानं एकमेकांत सोडतात तो. फर्रर्र. सराईत हाताचा, एका दमात. पुन्हा एकदा, फर्रर्र.

मी पदर तोंडाला लावला. दोन्ही हात चालायला लागले, असं मला वाटलं. अण्णा बरे झाले. मी गॅस लावला, आलं किसलं, त्यांना आवडतो तसा दाट चहा केला. त्यांना जरा एकटं खेळू दे, म्हणून मुद्दाम वेळ घेतला.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा अण्णांची हनुवटी छातीवर टेकली होती. उजवा हात मांडीवर होता, नेहमीसारखा. सगळी बटणं खुर्चीच्या बाजूला होती, अण्णांची आणि माझीही. टेबलाच्या मधोमध गड्डी चौकोनी लावून ठेवलेली होती. एकही पान उघडं नव्हतं.

मी कप खाली ठेवला आणि त्यांना हाक मारली.

७

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. असं होतं, आम्ही आधीच बोललो होतो. सुजय रडला, मग सगळ्यांना फोन करायला लागला. पडवी मोकळी करायची होती, तेव्हा मी गड्डी होती तशी उचलून डब्यात घातली आणि डबा कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवला. दुसऱ्या कुणाचा तिला हात लागला नाही.

दीपाली भेटायला आली. मी तिला हाताचं सांगितलं, पिसण्याचंही. ती माझा हात धरून बसली.

"वहिनी, त्यांची बोटं मिटत नव्हती. आदल्या दिवशीच मी बघितली होती. एखादवेळी हात सरकला असेल. पण पिसणं नाही व्हायचं."

"मी ऐकलं ना."

"तुम्ही दमला होतात," ती म्हणाली.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी पुन्हा मशीनवर बसले. एका दुपारी काहीतरी ऐकायला लावावं म्हणून मोबाइल उघडला, तर त्या मुलाचा पुढचा धडा आपोआप सुरू झाला. मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच राहिला. तो सांगत होता, डावात तिघं असतील आणि तुम्हाला एकाशी एकट्याने भिडायचं असेल, तर काय करायचं. सगळं लावा. इतकं लावा की दुसऱ्याला राहवणारच नाही. तो पत्ते टाकून बाहेर जातो, आणि मग तुम्ही आणि ज्याच्याशी भिडायचं तो, एवढेच उरता.

मी मशीनचं चाक धरून बसून राहिले. ती पैज खुर्चीवर नव्हती. माझ्यावर होती. इतके दिवस दोन-तीन बटणं घालवत त्यांनी जे लांबवलं होतं, त्यात मी खुर्चीलाही पानं वाटून स्वतः जाऊन बसले होते, आणि मला उठवायला त्यांच्याकडे तेवढा एकच डाव होता.

त्या रविवारी सुजय म्हणाला, अण्णांचे पत्ते गुरुप्रसादकाकांना देऊया, त्यांना आठवण राहील. देण्याआधी पानं पुरी आहेत का बघावं म्हणून मी ती आतल्या खोलीत जमिनीवर लावली. एक्के एका ओळीत, राजे एका ओळीत, अशी खाली दुऱ्यांपर्यंत. राण्यांच्या ओळीत इस्पिकची होती आणि बदामची होती. पुढे फरशी होती.

मी डबा उपडा केला. साड्या झटकल्या, एकेक घडी उलगडून. पडवीत टेबलाखाली, कठड्याच्या फटीत, अंगणातल्या मातीतसुद्धा बघितलं. बाकी सगळी पानं होती. किल्वरची आणि चौकटची राणी नव्हती.

सुजय दारात येऊन उभा राहिला. "पुरी आहेत ना गो?"

"दोन कमी आहेत," मी म्हटलं.

"मग राहू देत. अपुरी गड्डी काय द्यायची." त्याने पानं गोळा करून डब्यात भरली आणि डबा माळ्यावर चढवला. कुठली दोन, ते त्याने विचारलं नाही.

पत्ते टाकले की आपण त्या डावातून बाहेर, असा नियम आहे. अण्णांनी ते माझ्यासाठी केलं, त्यांच्या मेलेल्या हाताने, आणि मी त्या नियमाला धरून आहे. पण टाकलेली पानं गड्डीत परत यायला लागतात. माझी आलेली नाहीत. ती कुणी उचलली, आणि तो ती घेऊन उठून गेलाय की अजून कुठे बसलाय, हे मला माहीत नाही. सुजय म्हणतो, दुपारी जरा पडत जा, डोळे बघ कसे झालेत. मी पडते. पडवीचं दार लावून घेते, भिंतीकडे तोंड करते आणि तो कामावरून येईपर्यंत जागी असते.